आज काय झाले?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मी मुळशी तालुक्यातल्या जांबे गावचा. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवले. वकिलीशी माझा संबंध नाही, पोलिसांशी तर नाहीच. तरीही गेली काही वर्षे आठवड्यातून एकदा मी जेवणाचा डबा घेऊन बसने पुण्याला जातो आणि फौजदारी न्यायालयात मागच्या बाकावर दिवसभर बसून येतो. गावात विचारतात, ''गुरुजी, तुमची केस कधी संपायची?'' माझी केस नाही, हे सांगून आता मी थकलो आहे.

याची सुरुवात २०१७ साली झाली. हिंजवडीला कंपन्या आल्यापासून आमच्याकडच्या भातखाचरांतून इमारती उभ्या राहू लागल्या. त्या बांधणारी माणसे दूरदूरची. आमच्या शेताच्या पलीकडे पत्र्याच्या खोल्यांत छत्तीसगडची काही कुटुंबे राहत होती. त्यांतल्या एका गवंड्याला बांधकामावरच्या लोखंडी सळया चोरल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्याने चोरी केली की नाही, मला माहीत नाही; आजही नाही. पण एका संध्याकाळी त्याची बायको हातात कागद घेऊन आमच्या ओटीवर आली. तो कागद जामिनाचा हुकूम होता. पंधरा हजारांचा जामीन मंजूर, स्थानिक जामीनदार हवा. हुकूम होऊन नऊ दिवस झाले होते. माणूस सुटला, हे त्या कागदात लिहिले आहे, एवढेही तिला कोणी सांगितले नव्हते.

जामीनदाराकडे सातबारा लागतो. माझ्याकडे होता. ती काही बोलली नाही, पण तिला काय विचारायचे आहे ते मला कळले. मी म्हणालो, ''बघतो.'' श्रोतेहो, आपल्याकडे 'बघतो' याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला सांगायला नको. उद्या हा मुलखाला निघून गेला तर माझ्या सातबाऱ्यावर बोजा चढेल, या भीतीने मी बघितले नाही. जामीन मंजूर असूनही तो माणूस आणखी दोन महिने आत राहिला. शेवटी मोफत मिळालेल्या वकीलबाईंनी अर्ज केला, न्यायालयाने जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरून घ्यायला परवानगी दिली आणि त्याच्या बरोबरच्या मजुरांनी वर्गणी करून पैसे भरले.

पुढे वाचता वाचता कळले, की हा प्रश्न फार जुना आहे. १९७८ साली मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा एक गवंडीच याच कारणाने सर्वोच्च न्यायालयात गेला होता. खालच्या न्यायालयाने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याचा भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर मोतीरामला सोडायला सांगितले आणि जिल्हा पाहून जामीनदार नाकारणे चूक ठरवले. म्हणजे कायदा चाळीस वर्षांपूर्वीच ठरलेला होता. तो आमच्या ओटीपर्यंत पोचला नव्हता, इतकेच. आता ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की जामिनाच्या हुकुमाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगामार्फत कैद्याला मिळाली पाहिजे. सात दिवसांत तो सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवले पाहिजे. आणि महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकते.

त्या दोन महिन्यांची टोचणी मला न्यायालयात घेऊन गेली. आत कोणी अडवले नाही. आपल्या कायद्याप्रमाणे फौजदारी न्यायालय हे खुले न्यायालय आहे. जागा असेल तोवर कोणीही आत बसू शकतो. अपवाद आहेत. बलात्काराचे खटले बंद दाराआड चालतात, मुलांची प्रकरणेही तशीच, आणि ते योग्यच आहे. एरवी फोन बंद ठेवायचा, साक्षीदारांशी बोलायचे नाही, कोण दोषी यावर मत द्यायचे नाही आणि दोनशे पानी वहीत लिहीत राहायचे. आता आम्ही चार-पाच निवृत्त माणसे हे करतो. जगात ही पद्धत नवी नाही. 'इंटरनॅशनल कमिशन ऑफ ज्युरिस्ट्स'सारख्या संस्था गाजलेल्या खटल्यांना निरीक्षक पाठवत आल्या आहेत. आम्ही मात्र न गाजलेल्या खटल्यांना बसतो.

तिथे काय दिसते? सिनेमातले काही दिसत नाही. बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणे. पट्टेवाला नाव पुकारतो. आरोपी पुढे येतो, किंवा तुरुंगातून पडद्यावर त्याचा चेहरा दिसतो. वकील दोन वाक्ये बोलतात, न्यायाधीश एक बोलतात, कारकून रोजनाम्यात नोंद करतो आणि पुढची तारीख पडते. दीड मिनिट. पडद्यावरच्या माणसाला आवाज ऐकू गेला का? त्याचा वकील हजर होता का, की 'सिनियर दुसऱ्या कोर्टात आहेत' सांगायला एक शिकाऊ मुलगा उभा होता? आरोपी काही बोलला का? आम्ही एवढेच टिपतो. फिर्यादीचेही हेच असते, हे सांगितले पाहिजे. जिच्या गळ्यातले मंगळसूत्र ओढून नेले, ती बाईही सहाव्या खेपेला तशीच गोंधळून परत जाते. न्यायाधीशांना दोष देण्याची मला घाई नाही. संध्याकाळी सहालाही ते साक्ष लिहून घेत असलेले मी पाहिले आहेत. पण अन्याय नेहमी दुष्टपणातून होतो असे नाही. बरेचदा तो घाईतून होतो.

एक गोष्ट आपल्या पुण्याशी जोडलेली आहे. 'होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने कायद्याच्या विद्यार्थ्यांना ती पाठ असते. एका विद्यापीठातले हे प्रपाठक. दुसऱ्या विद्यापीठाचा खोटा शिक्का बनवून घेण्याच्या खटपटीत सापडले. सत्र न्यायालयाने न्यायालय उठेपर्यंत कैद आणि दंड एवढीच शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने १९७३ साली ती वाढवून तीन वर्षे केली. निकालाची प्रत उच्च न्यायालयाने येरवडा तुरुंगाकडे वेळेवर पाठवली. अधीक्षकांचे म्हणणे, कारकुनाने ती कैद्याला दिली आणि दयेच्या अर्जाला जोडण्यासाठी परत घेतली. कैद्याचे म्हणणे, मला मिळालीच नाही. आणि मिळाल्याची सही कुठे नव्हती. अपील घेऊन ते सर्वोच्च न्यायालयात पोचले तेव्हा चार वर्षांहून जास्त उशीर झाला होता आणि शिक्षा भोगून संपली होती. न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले, गुन्ह्याबद्दल दयामायाही दाखवली नाही. पण १७ ऑगस्ट १९७८ च्या त्याच निकालात सांगितले, की कैदेची शिक्षा देणाऱ्या न्यायालयाने निकालाची प्रत फुकट दिली पाहिजे, तुरुंगाने ती कैद्याच्या हाती देऊन सही घेतली पाहिजे आणि ज्याला वकील करणे शक्य नाही त्याला अपिलासाठी वकील दिला पाहिजे. आपल्यावर काय निर्णय झाला हे कळणे हा गुन्हेगाराचाही हक्क आहे, हे एका सहीवाचून ठरले.

कळण्यात भाषाही आली. १९०८ साली लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला तो 'केसरी'तल्या मराठी लेखांवरून, आणि नऊ ज्युरींपैकी सात युरोपियन होते, ज्यांना मराठी येत नव्हते. भाषांतरावरून टिळकांनी किती वाद घातला! त्यांना निदान घालता आला. आमच्या छत्तीसगडच्या गवंड्यासमोर साक्ष मराठीत होते. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याच्या भाषेत समजावून सांगावी, असे कायदा म्हणतो. माझ्या वहीत त्यासाठी एक रकाना आहे. तो बहुतेक वेळा रिकामा राहतो.

न कळण्याची किंमत कुठवर जाते, ते नाशिकजवळच्या २००३ सालच्या दरोड्याच्या खटल्यात दिसले. गुन्हा भीषण होता, पाच जणांचा जीव गेला. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना २००६ साली फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने पोलिसांनी दाखवलेल्या छायाचित्रांतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सहा जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सोळा वर्षे गेली ती गेली. त्यांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही मागाहून सिद्ध झाले. आणि ज्यांची माणसे मारली गेली, त्यांना खरे गुन्हेगार मिळाले का? नाही.

मागच्या बाकावर वही घेऊन बसणाऱ्या मास्तराने हे टळले असते, असा माझा दावा नाही. तपासाचे कागद आम्हाला दिसत नाहीत. पण आपले म्हणणे मांडायला आधी आपल्याविरुद्ध काय चालले आहे ते समजावे लागते, आणि ते समजले का, हे कोणीतरी पाहावे लागते. देशातल्या तुरुंगांत २०२२ अखेर ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते. त्यांतले ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही असे. कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न न विचारता, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. तुमच्या ओटीवर कोणी कागद घेऊन आले तर निदान एवढे त्यांना सांगा.

आमच्या गवंड्याचा खटला अजून चालू आहे. त्याचे काम केव्हाच गेले, कुटुंब गावी परतले. तारखेला तो रेल्वेने येतो, आदल्या रात्री आमच्या ओटीवर झोपतो. मी 'बघतो' म्हणालो होतो, हे त्याला ठाऊक आहे. त्याने तो विषय कधी काढला नाही. मी एकदा काढला, तर म्हणाला, ''जाने दो, मास्टरजी.''

गेल्या तारखेला पंच साक्षीदार आला नव्हता. पुकारा झाला, दोन मिनिटांत सगळे उरकले आणि बाहेर व्हरांड्यात त्याने मला नेहमीचा प्रश्न विचारला, ''आज क्या हुआ?'' मी वही उघडून वाचून दाखवले: आरोपी हजर, वकील हजर, साक्षीदार गैरहजर, पुढची तारीख पाच आठवड्यांनी. त्याने बोटांवर दिवस मोजले आणि परतीच्या गाडीत जागा मिळेल का, ते पाहायला स्टेशनकडे निघाला.