भिंगाची मर्यादा आणि आपले कर्तव्य

(मेढा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. तोपर्यंत अनेकांना आनुवंशिक वाटणारा हा रोग जंतुजन्य ठरला, तो सूक्ष्मदर्शकामुळे. या यंत्राचे सामर्थ्य व त्याची मर्यादा या दोहोंची ओळख आज आपण करून घेऊ.

शाळेतील संयुक्त सूक्ष्मदर्शकात दोन भिंगे काम करतात. नमुन्याजवळचे भिंग नळीत मोठी व उलटी प्रतिमा तयार करते. डोळ्याजवळची नेत्रिका ती आणखी मोठी करून दाखवते. पहिले भिंग शंभरपट व नेत्रिका दहापट असल्यास प्रतिमा हजारपट मोठी दिसते. क्षयाचा जंतू साधारणतः २ ते ४ मायक्रॉन लांब, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट ते चौपट असतो. तो रंगहीन असल्याने काचपट्टीवर लाल रंग चढवतात व आम्लाने धुतात. इतर पेशींचा रंग निघून जातो, या जंतूचा जात नाही. मग निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात.

प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाची रीत निराळी. त्यात विशिष्ट रंगद्रव्य लावलेल्या जंतूंवर निळा प्रकाश टाकला की ते काळोखात पिवळसर चमकतात. कमी वर्धनातही ते दिसत असल्याने एका दृष्टिक्षेपात काचपट्टीचा मोठा भाग पाहून होतो.

भिंगे वाढवून वाटेल तितके सूक्ष्म दिसेल, असे मात्र नाही. सुमारे ०.२ मायक्रॉनहून जवळचे दोन बिंदू साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला वेगळे दाखवता येत नाहीत. हे बंधन प्रकाशाच्या तरंगलांबीचे आहे. म्हणून १९३१ मध्ये नोल व रुस्का यांनी जर्मनीत प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत आणि काचेऐवजी चुंबकीय भिंगे वापरली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने २०२० मध्ये अशाच यंत्राने केरळमधील रुग्णाच्या घशाच्या नमुन्यातील करोना विषाणूचे चित्र घेतले. त्यातील एक कण ७५ नॅनोमीटरचा, म्हणजे ०.०७५ मायक्रॉनचा होता.

आपल्या गावांशी याचा संबंध असा, की कोणतेही यंत्र काचपट्टीवर नसलेली वस्तू दाखवू शकत नाही. थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये साधारणतः पाच ते दहा हजार जंतू असतील, तरच ते साध्या तपासणीत आढळतात. रुग्णाने नुसती लाळ दिली, तर कुशल तंत्रज्ञालाही काही सापडत नाही. खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडकाच तपासणीस हवा. काचपट्टी निर्दोष आली म्हणून क्षय नाहीच, असेही मानू नये. लक्षणे कायम राहिल्यास क्ष-किरण व जनुकीय चाचणीचा मार्ग खुला आहे.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या माणसाला शासकीय आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथे तपासणी व औषधोपचार विनामूल्य आहेत. शिक्षकांनी हे वर्गात सांगावे, पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत. भिंगापर्यंत योग्य नमुना पोहोचवणे हे काम यंत्राचे नव्हे, आपले आहे.