विंचूदंश आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या
(जीर्णोद्धार समारंभात केलेले भाषण)



मी तहसील कचेरीतला कारकून, डॉक्टर नव्हे. परंतु देवळाचे जुने चिरे हलविताना खालून किती विंचू निघाले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणून त्याविषयीच चार शब्द बोलतो.

काळी थोराड इंगळी दिसायला भयंकर. पण खरा घात करतो तो लहानसा तांबडा विंचू. त्याच्या विषाने अंगातील रक्तवाहिन्या आवळल्या जातात. विहिरीवरची मोटर चालू असताना पुढचा पाईप मुरगाळावा, तसा सगळा भार हृदयावर येतो. रक्तदाब चढतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते, तोंडाला फेस येतो. क्वचित मेंदूत रक्तस्राव होऊन अंगावरून वारेही जाते. नुसती ठणक असेल तर बहुधा निभावते. मात्र दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे, ही लक्षणे वाईट.

यावर उपाय शोधणारा माणूस आपल्याच मराठवाड्याचा. जालना जिल्ह्यातील देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले. रोग्यांची लक्षणे टिपून त्यांनी १९८२ साली विलायतेच्या 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरच्या स्वस्त गोळीने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात, हे दाखविले. तेही १९८६ साली तेथेच छापून आले. पूर्वी गंभीर दंशाचे पुष्कळ रोगी दगावत. या उपचाराने ते प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. २०११ साली त्यांनी व पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी ७० रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. गोळीबरोबर प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले, नुसत्या गोळीवरचे ३५ पैकी ८. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या सरकारी नोकराच्या हातून एवढे काम झाले, याचे मला विशेष वाटते.

आता राहिला मंत्र. देवाच्या दारी उभा राहून मी त्याला नावे ठेवणार नाही. पण तो गाडीत बसून म्हणावा. १०८ ला फोन करावा, नाहीतर मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. दंशाची जागा कापू नये, आवळून बांधू नये. गोळी डॉक्टरांच्या हातूनच घ्यावी, आणि घेतल्यावर रोग्याला उठवू नये. रक्तदाब एकदम उतरून भोवळ येते.

सभामंडपामागे चिऱ्यांचा ढीग अजून पडून आहे. तो हलविताना मुलांना लांब ठेवा, आणि चिरा हाताने नव्हे, पहारीने उलथा.