सूचनावही आणि सामाईक तालिका
(तालुक्यातील ग्रंथालय कार्यकर्ते, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



ग्रंथालयाच्या दाराशी दोरीने बांधलेली सूचनावही आपण सर्वांनी पाहिली आहे. तिची पेन्सिल बहुधा नाहीशी झालेली असते. एखादा वाचक तीत फळबागांविषयीचे पुस्तक मागवावे असे लिहितो. खाली कोणाचे उत्तर नसते, आणि चार पानांनंतर दुसरा वाचक तीच मागणी करतो. आज ज्यांना परस्परसंवादी संकेत-तंत्रे म्हणतात, त्यांचे बीज या वहीतच आहे. वाचकाने घरबसल्या ग्रंथतालिका पाहावी, पुस्तकावर अभिप्राय लिहावा, नवे पुस्तक सुचवावे आणि ग्रंथपालाने त्याची दखल घ्यावी, एवढाच त्यांचा मथितार्थ.

असे प्रयोग श्रीमंत ग्रंथालयांनीच करावेत, अशी आपली समजूत आहे. ती कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी मी आपणांस न्यूझीलंडमधील लेव्हिन या लहान गावी नेऊ इच्छितो. तेथील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासापुढे १९९९ मध्ये मोठा पेच उभा राहिला. त्यांची जुनी संगणक-व्यवस्था २००० हे वर्ष ओळखू शकणार नव्हती. बाजारातील नवी व्यवस्था ऐपतीबाहेरची, आणि शाखांचे काम तर साध्या दूरध्वनीच्या तारांवर चालवायचे. न्यासाने वेलिंग्टन येथील कटिपो या छोट्या संस्थेकडून स्वतःला हवी तशी आज्ञावली लिहवून घेतली. ती इंटरनेटच्या साध्या पानांवर चालणारी होती. २००० च्या जानेवारीत देवघेव तीवर सुरू झाली. त्यानंतर न्यासाने ही आज्ञावली स्वतःपाशी न ठेवता जगाला मोफत खुली केली. तिचे नाव 'कोहा'. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. परंतु परतफेडीची जाणीव ज्यात गृहीत आहे, अशी भेट. आपल्याकडच्या आहेराची येथे सहज आठवण होते.

परतफेड झालीही. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील नेल्सनव्हिल येथील सार्वजनिक ग्रंथालयाला कोहा हवी होती, पण ग्रंथनोंदीचा मार्क हा प्रमाणित आराखडा तीत नव्हता. त्या ग्रंथालयाने पैसे मोजून ती सोय करवून घेतली आणि ती लेव्हिनसह सर्वांनाच मिळाली. पुढे वाचकांच्या अभिप्रायांची सोयही आली. ग्रंथपालाने संमती दिल्यावाचून अभिप्राय प्रसिद्ध होत नाही, ही व्यवस्था मला विशेष मोलाची वाटते. आज भारतातील अनेक विद्यापीठे व महाविद्यालये कोहा वापरतात.

येथे एक अडचण नमूद केली पाहिजे. मिशिगनमधील ॲन आर्बर जिल्हा ग्रंथालयाने २००७ मध्ये तालिकेवर वाचकांना शेरे आणि गुण देण्याची मुभा दिली. तेथील वाचकवर्ग मोठा. परंतु पाचशे सभासदांच्या ग्रंथालयात एका पुस्तकावर अभिप्राय देणारे कितीसे निघणार? रिकाम्या तालिकेवर लिहावयास कोणी धजत नाही. रिकाम्या सभागृहात पुढच्या रांगेत बसावयास आपण जसे कचरतो, तसेच ते आहे. म्हणूनच पैशाइतकेच वाचकही एकत्र आणावे लागतात. जॉर्जिया राज्यातील 'पाइन्स' या योजनेत दूरदूरच्या सार्वजनिक ग्रंथालयांची तालिका एक आणि वाचकपत्रही एकच आहे. त्यांनीही स्वतःची 'एव्हरग्रीन' ही आज्ञावली लिहवून घेतली व २००६ पासून तिचा वापर सुरू केला.

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणारी ग्रंथालये हजारोंच्या संख्येने आहेत. त्यांतील 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाने एकट्याने असा प्रयोग करावा, असे सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. तेथे एकच व्यक्ती पुस्तके देते, वर्तमानपत्रे लावते आणि झाडलोटही करते. मात्र तालुक्यातील पाच-सहा ग्रंथालयांनी एक संगणक, एक तालिका आणि एक जाणकार माणूस सामाईक ठेवला, तर भार विभागला जातो. अभिप्राय वाचण्याचे व उत्तरे देण्याचे काम गावोगावच्या शिक्षकांना आठवड्याच्या पाळीने करता येईल. ही पाळी ठरल्यावाचून यंत्र विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नाहीतर दोरीच्या वहीची जागा विजेवर चालणारी वही घेईल, इतकेच.

मघाशी चहाच्या वेळी एका सरपंचांनी मला विचारले, "साहेब, प्रयोग फसला तर लेखापरीक्षकाला काय सांगायचे?" प्रश्न रास्त आहे. प्रयोगासाठी काढलेला पैसा आपल्या जमाखर्चात सुखाने बसत नाही. त्यावर माझे उत्तर असे की, ठराव आधी करावा. प्रयोग किती महिने चालेल, प्रत्येक संस्थेचा वाटा किती, त्यापलीकडे खर्च होणार नाही, आणि अखेरीस कोणती माहिती हाती यावयास हवी, हे सहभागी सर्व संस्थांच्या इतिवृत्तांत एकाच मजकुरात नोंदवावे. वाटा लहान असला म्हणजे फसलेल्या प्रयोगाचा खर्चही एका संस्थेच्या अंगावर येत नाही. अशा ठरावाचा कच्चा मसुदा मी सोबत आणला आहे. सभा संपल्यावर तो पाहावा आणि त्यात जेथे उणे वाटेल तेथे पेन्सिलीने खूण करावी. पेन्सिल मी आणली आहे.