सिंदीचा तान्हा पोळा

परदेशी वास्तव्य करणाऱ्या वर्धेकरांनो, मुलांना घेऊन याल, तर पोळ्याचा दुसरा दिवस चुकवू नका.

श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा;
दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुलांचा तान्हा पोळा.

सेलू तालुक्यातील सिंदी रेल्वे येथे भलेमोठे लाकडी नंदी मिरवणुकीने निघतात, तेव्हा वीतभर बैलाची दोरी धरलेले, फेटा डोळ्यांवर घसरलेले एखादे पोरही, जणू सरदाराच्याच इतमामाने, गर्दीतून चालत असते.

परक्या देशीची मिरवणूक मुलाने फुटपाथवरून पाहिलेली असते.
येथे त्याच्या हाती दोरी द्या.
घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ वा पैसे, त्यालाही मिळेल.

रजेचा अर्ज मात्र पंचांग पाहूनच करा:
पोळ्याचा दुसरा दिवस.