बावन्न वजा अडतीस

आजपासून ‘सर’ आणि ‘बाई’ होणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

  

तिसरीच्या वहीत तुम्हाला एक उदाहरण हमखास भेटेल: ५२ वजा ३८. मूल उत्तर लिहितं २६. आपण लाल फुली मारतो, शेजारी १४ लिहितो आणि पुढची वही ओढतो. त्याच मुलाला जवळ बसवून ‘कसं केलंस, सांग बघू’ म्हटलं, तर ते सांगतं, ‘आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन.’ नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं, हे आपणच त्याला सांगितलेलं असतं. त्याने ते इमानाने पाळलं. आता पुढे काय करायचं? काड्यांचा गठ्ठा सोडून दहा सुट्या दाखवायच्या, की दहाची नोट मोडायला लावायची? तुमच्या पाठ टाचणात याचं उत्तर नाही. शेजारच्या वर्गात वर्षानुवर्षं तिसरी शिकवणाऱ्या बाईंकडे ते असतं. पण त्यांना विचारायला आपण कचरतो. गणिताच्या शिक्षकालाच गणित शिकवता येत नाही, असं कुणी म्हणालं तर?

मदतीची सोय नाही, असं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला धरले आहेत. आपल्या पुण्यातच राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद (एससीईआरटी) आहे, तिचं ‘जीवन शिक्षण’ मासिक आहे, शाळांच्या केंद्रावर शिक्षण परिषद भरते. पण राज्याने जिल्ह्याला शिकवायचं, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने केंद्राला, अशी ही वाट आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं, तेव्हा वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधले. तिथे कोंडलेली हवा बाहेर पडे, गाळ खाली बसे. आपल्या प्रशिक्षणाच्या वाटेवर असे उच्छ्वास फार थोडे. शाळेत पोहोचेपर्यंत उरतात पीपीटी आणि हजेरीचा कागद. याच प्रशिक्षणांत साधनव्यक्ती म्हणून काम केलेला माणूस हे सांगतो आहे, हे लक्षात घ्या.

जपानमध्ये शिक्षक एकच पाठ मिळून आखतात, एकजण तो वर्गात घेतो आणि बाकीचे मागे बसून मुलं काय करतात ते टिपतात. नंतर चर्चा पाठाची होते, शिक्षकाची नाही. आपल्याकडे मागच्या बाकावर कुणी बसलं की तपासणी आली, असंच वाटतं. ही सवय मोडायला मात्र कुठला शासननिर्णय लागत नाही.

आता एका शिक्षकाचीच गोष्ट. गणिती द. रा. कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवत होते. संख्यांवरच्या पुस्तिका त्यांनी स्वतःच छापल्या. अनेकांना तो पोरखेळ वाटला. १९७५ मध्ये गणितावर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या एका मासिकात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जगाने दखल घेतली. कापरेकरांचा ६१७४ हा आकडा वर्गात नेऊन बघा. ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तसंच केलं की ८३५२, आणि मग ६१७४. चारही अंक सारखे नसतील, तर कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोहोचता. हातच्याच्या वजाबाकीचा एवढा सराव मुलं एरवी कुरकुर न करता करतील का? अशी गोष्ट एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जायला हवी.

गणिती श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान पुण्यातच आहे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे जरूर जा. पण रोजची गरज त्याहून जवळची आहे. कात्रज-धनकवडीतल्या चार-पाच शाळांमधले गणिताचे शिक्षक महिन्यातून एकदा जमले आणि प्रत्येकाने फक्त एक चुकलेली वही आणली, मुलाचं नाव झाकून, तरी पुरे. अध्यक्ष नको, प्रास्ताविक नको, आभारप्रदर्शन तर नकोच. जागेसाठी मुख्याध्यापकांना विचारा. शाळा सकाळची असेल, तर शनिवारी दुपारी वर्ग रिकामेच असतात.