शाळेसाठी प्रिंटर घेताना शाईचा हिशेब



शाळेत प्रिंटर आला म्हणजे काम हलके होईल, अशी अपेक्षा असते. पहिले दोन महिने ती खरीही ठरते. पुढे शाई संपते, नव्या शाईची किंमत ऐकून मुख्याध्यापक थबकतात आणि यंत्र कपाटावर जाऊन बसते. घटक चाचणीचे प्रश्न पुन्हा फळ्यावर लिहिले जातात. मागच्या रांगेतील ज्या मुलास फळा नीट दिसत नाही, त्याचे गुण अभ्यासामुळे कमी पडले की दृष्टीमुळे, हे मग शिक्षकासही सांगता येत नाही.

म्हैस घेताना शेतकरी केवळ तिची किंमत विचारीत नाही. ती वैरण किती खाते आणि दूध किती देते, हेही पाहतो. प्रिंटरची वैरण म्हणजे शाई. यंत्र स्वस्त विकावे व नफा शाईवर मिळवावा, ही या धंद्यातील जुनी रीत आहे.

शाई फवारणारे प्रिंटर मुख्यत्वे दोन जातींचे. पहिल्यात शाईची लहान डबी, म्हणजे कार्ट्रिज, बसवितात. लहान डबीतून काळी पाने शंभर-दोनशेच निघतात. रंगीत डबीत बहुधा तिन्ही रंग एकत्र असतात. त्यांतील एक संपला तरी उरलेल्या दोहोंसह डबी टाकावी लागते. दुसऱ्या जातीत यंत्रातच टाक्या असून त्या बाटलीने भरतात. अशा बाटलीतून काळी पाने चार ते सहा हजार निघतात. इंडोनेशियात लोक साध्या प्रिंटरला बाहेरून बाटल्या व नळ्या जोडून काम भागवीत असत. तेथेच एप्सन कंपनीने २०१० साली टाकीचा प्रिंटर प्रथम विक्रीस आणला. ग्राहकांच्या काटकसरीने कारखानदारास शहाणे केले, असेच म्हणावयाचे!

आता हिशेब. ४० पटाच्या शाळेत दरमहा प्रत्येक मुलास तीन पाने धरली, तर महिन्यास १२० व दहा महिन्यांत १,२०० पाने होतात. १२० पानांची डबी ९०० रुपयांची धरली, तर शाईचा खर्च पानास ७ रुपये ५० पैसे, म्हणजे वर्षास ९,००० रुपये. ४,५०० पानांची बाटली ४५० रुपयांची धरली, तर पानास १० पैसे, म्हणजे वर्षास १२० रुपये. या किमती केवळ उदाहरणादाखल आहेत. दुकानातील भाव घालून हीच आकडेमोड प्रत्येकाने करावी. टाकीचे यंत्र आठ हजारांनी महाग पडले, तरी तो फरक पहिल्याच वर्षी भरून निघतो. सादिल खर्चाची रक्कम तुटपुंजी असताना नऊ हजार रुपये शाईत घालणे कोणत्याही शाळेस परवडणारे नाही.

वेष्टनावरील पानांचा आकडा मात्र जपून वाचावा. तो आयएसओच्या प्रमाणानुसार, ठरावीक पाच पानांचा संच सलग छापून काढलेला असतो. शाळेत छपाई थांबून थांबून होते. मधून मधून यंत्र आपली छिद्रे साफ करते व त्यात शाई जाते. प्रथम भरलेल्या शाईपैकी काही तर नळ्या भरण्यातच खर्ची पडते. चित्रांच्या पानास शाई अधिक लागते, हे सांगणे नकोच.

काळी शाई पाण्याने पसरणारी आहे की टिकणारी, हेही दुकानात विचारावे. पावसाळ्यात ओल्या हाताची मुले कागद हाताळतात. शक्य तर एक पान छापून घेऊन त्यावर ओले बोट फिरवून पाहावे.

बारा-पंधरा पटाच्या शाळेने मात्र स्वतंत्र यंत्राची घाई करू नये. महिन्यास वीस पाने निघत असतील, तर शाई वापरण्यापेक्षा छिद्रांत वाळण्याचीच भीती अधिक. अशा शाळांनी केंद्रशाळेच्या यंत्रावर काम करून घ्यावे, किंवा एक प्रत काढून बाकीच्या झेरॉक्स कराव्यात.

यंत्र बंद करताना भिंतीवरचे बटण दाबू नये, यंत्रावरचेच दाबावे. तेव्हाच शाईचे तोंड झाकले जाते. उन्हाळी सुट्टीतही आठवड्यास एक रंगीत पान छापावे. सुट्टीत गावातच राहणाऱ्या शिक्षकाकडे हे काम सोपवून किल्ली त्याच्याजवळ ठेवावी.