घर रिकामे राहू नये म्हणून
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळजणींकडे एखादी जादा खोली किंवा दुसरा ब्लॉक आहे, आणि त्याच्या भाड्यावर म्हातारपणचा खर्च भागवावयाचा आहे. म्हणून चिटणीसबाईंनी हा विषय मजकडे सोपविला असावा.

"भाडेकरूला आपण कशाला सवलती द्यावयाच्या? गरज त्याला आहे!" असे आपण सहज म्हणतो. मुंबईची ही जुनी सवय आहे. १९४७ च्या कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० सालच्या पातळीवर बांधून टाकली. आत आलेला भाडेकरू निघेना आणि पागडीवाचून जागा मिळेना, तेव्हा मालक घराला कुलूप घालून बसे. परंतु ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात, लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की जागा परत मिळविण्याची वेगळी वाट आहे. भीती मात्र आपण आईच्या दागिन्यांसारखी जपून ठेवली आहे!

आता हिशेब पाहा. समजा, वीस हजारांना घेणारे कुटुंब आज दारात उभे आहे आणि आपण बावीस हजारांसाठी अडून बसलो. दोन महिने घर रिकामे राहिले आणि मग बावीस मिळाले, तर वर्षाचे दोन लाख वीस हजार झाले. आजच दिले असते तर दोन लाख चाळीस हजार आले असते. शिवाय रिकाम्या घराचेही सोसायटीचे बिल चुकत नाही.

याहून चांगला उपाय म्हणजे भाडे बावीसच ठेवावे आणि पहिले पंधरा दिवस माफ करावे. अकरा हजारांची सूट एकदाच जाते. पुढच्या करारात बोलणी बावीसपासूनच सुरू होतात. दरमहा हजार कमी केले तर अकरा महिन्यांत रक्कम तितकीच जाते, पण भाडे खाली येऊन बसते.

येणाऱ्या माणसाची अडचण तरी काय असते? तीन महिन्यांची अनामत, पहिले भाडे आणि एका महिन्याची दलाली धरली, तर याच घरासाठी त्याला एक लाख दहा हजार एकदम मोजावे लागतात, टेम्पो निराळाच. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलीने ते कोठून आणावेत? केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांपुढे ठेवलेल्या नमुना कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरतीच धरली आहे. तेवढीच घेतली तर आपले काही बुडत नाही, आणि चांगला भाडेकरू आधी आपल्याकडे वळतो.

बाकीच्या गोष्टी आपल्याला सांगावयास नकोत. घर पाहावयास आलेली बाई पहिल्याने मोरी पाहते, नळ सोडून पाहते, आणि कपडे वाळत घालावयाच्या दोऱ्या कोठे आहेत ते विचारते. भिंतीचे पोपडे काढून रंग द्यावा, गळका नळ बदलावा, दाराला धड कडी लावावी. महागड्या पडद्यांवर पैसे घालू नयेत; ते कोणालाच आवडत नाहीत.

आणि एक सवलत अशी की तिला पैही लागत नाही. एकटी बाई, विधवा, घटस्फोटित मुलगी आली की आपण जात विचारतो, स्वयंपाकात काय शिजते ते विचारतो, रात्री किती वाजता परत येणार तेही विचारतो. त्या बिचाऱ्या जिना उतरून जातात. वेळेवर भाडे देणारी माणसे आपण अशीच घालवितो, आणि महिला मंडळाच्या सभासदांनी हे करावे याचे मला फार वाईट वाटते.

करार मात्र लेखी व नोंदलेलाच असावा. तो नोंदविण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. करार नोंदला नाही, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरे धरले जाते, उलट सिद्ध करण्याचा भार आपल्यावर. नोंदणीचा खर्च आपण सोसला तर तीही एक सवलतच झाली. सोसायटी बिनभोगवट्याचा आकार लावील, पण २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावा. बिल नीट तपासून घ्या.

अनामतीची रक्कम बँकेत निराळी ठेवा. भाडेकरू किल्ली देईल त्याच दिवशी ती त्याच्या हाती पडली पाहिजे. पुढचा भाडेकरू पुष्कळदा तोच पाठवितो.